ताराक्काची दहा रेघांची फळी

हिंगणखेड नावाच्या एका गावात ताराक्का नावाची एक बाई सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. नवरा गेल्यावर दुकान तिनंच सांभाळलं. पंक्चर काढता काढता तिच्याकडे जुन्या ट्यूबांचा ढीग साचायचा. त्या ट्यूबा कापून ती बारीक कड्या करायची, आणि चिंध्यांच्या गोळ्यावर एकावर एक ताणून चढवत चेंडू बनवायची. त्या काळी आसपासच्या पाच गावांतली मुलं तिच्याच चेंडूनं लगोरी खेळायची. आज साठी ओलांडलेल्या माणसांनाही त्या चेंडूचा वास आठवतो.

चेंडू बनवला की ताराक्का तो लगेच विकत नसे. दुकानाच्या दाराशी तिनं एक फळी उभी केली होती. फळीवर सारख्या अंतरावर दहा रेघा होत्या आणि खाली शहाबादी फरशी. दहाव्या रेघेपासून चेंडू नुसता सोडायचा आणि तो कितव्या रेघेपर्यंत परत येतो ते पाहायचं. पाचाच्या खाली राहिला, तर ती सगळ्या कड्या सोडून चेंडू पुन्हा गुंडाळायची.

मुलं विचारायची, "अक्का, दहापर्यंत येणारा चेंडू कर की."

ती हसून म्हणायची, "दहाच्या दहा परत देणारा चेंडू कुणालाच जमला न्हाई. आदळलं की थोडं जातंच. किती उरतं, तेवढंच बघायचं."

दर जानेवारीत पाच गावांच्या शाळांचे लगोरीचे सामने व्हायचे. लगोऱ्या फोडून चेंडू जितका लांब उसळेल, तितका लगोऱ्या रचायला वेळ मिळायचा. म्हणून चेंडूवरून दरवर्षी भांडणं. एका वर्षी भांडण इतकं वाढलं की दोन गावांच्या मुलांची डोकी फुटली. तेव्हा हिंगणखेडच्या शाळेतल्या आंबेकर गुरुजींनी ठरवलं, की यापुढे पाचही शाळांचे चेंडू एकाच माणसाकडून घ्यायचे, आणि घेण्याआधी तपासायचे.

काम मोठं होतं. ताराक्काच्या छपराचे पत्रे गंजले होते. हे काम मिळालं तर पावसाळ्याआधी नवे पत्रे घालता येणार होते. बाजारातला बाबालाल तांबोळीही पुढे आला. त्यानं शहरातून लाल रंगाचे गुळगुळीत रबरी चेंडू आणले होते. त्यानं पारावर उभं राहून एक चेंडू जोरात खाली आपटला. चेंडू पिंपळाच्या फांदीला लागला. लोक म्हणाले, "ताराक्काचा चेंडू कधी एवढा उडाला होता का?"

गुरुजींनी दोघांनाही शाळेत बोलावलं.

"आपटलेला चेंडू आणि सोडलेला चेंडू यांची तुलना करायची नाही," ते म्हणाले. "उंच ठिकाणाहून टाकला तर उंच उडणारच. दिलं किती आणि त्यातलं परत आलं किती, हे बघायचं. आणि फरशी दोघांना एकच हवी. वाळूवर टाकलेला चेंडू जागीच बसतो, त्यात एकट्या चेंडूचा दोष नसतो."

मग त्यांनी ताराक्काची फळी मागवून शाळेच्या पडवीत उभी केली. फळी ताराक्काची असली तरी बाबालालनं कुरकुर केली नाही. "रेघा तर सारख्याच हायत," तो म्हणाला.

थंडीचे दिवस होते. ताराक्का सकाळीच येऊन शाळेच्या पायरीवर उन्हाला बसली होती. चेंडूंची टोपली शेजारीच होती. बाबालाल उशिरा आला. त्याचे चेंडू पत्र्याच्या डब्यात होते आणि डब्यावर ओलं फडकं होतं.

गुरुजी फळीसमोर उकिडवे बसले आणि रेघेच्या समोर डोळा आणून पाहू लागले. दोघांचे तीन-तीन चेंडू सोडले. ताराक्काचे तिन्ही चेंडू सातव्या रेघेला लागले. बाबालालचे सहाव्या रेघेला.

पडवीत जमलेली मुलं टाळ्या वाजवू लागली. गुरुजींनी कागद पुढे केला आणि ताराक्काच्या हातात पेन दिलं. बाबालालनं मान हलवली. "हरलो," तो म्हणाला, "आता बोलायला जागा न्हाई."

सही करण्याआधी ताराक्कानं चेंडू टोपलीत ठेवण्यासाठी उचलला. चेंडू तिच्या हाताला उबदार लागला.

ती थांबली. आपले चेंडू सातव्या रेघेपर्यंत कधीच येत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ऊन खाल्लेलं रबर जास्त उसळतं, हे नवऱ्यानं तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणून ती घरी चेंडू नेहमी माठाशेजारी सावलीत ठेवून मगच सोडायची. आज तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. गुरुजींना हे माहीत नव्हतं आणि बाबालाललाही नव्हतं. गंजके पत्रे तिच्या डोळ्यांपुढे आले. पेन तिच्या बोटांत तसंच राहिलं.

मग तिनं पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, ही मोजणी बरोबर न्हाई. माझे चेंडू सकाळपासनं उन्हात हुते."

"त्यानं काय होतं?"

"रबर तापलं की जास्त उडतं. बाबालालचे चेंडू गार हायत. दोन्ही सावलीत ठिवा आन् दुपारी परत बघा."

बाबालाल तिच्याकडे बघतच राहिला. "अक्का, मला हे ठावंच नव्हतं."

"म्हणून तर सांगतीया," ती म्हणाली.

दोघांचे चेंडू शाळेच्या कोठीत एकाच परातीत ठेवले. दोन तासांनी पुन्हा सोडले. बाबालालचे सहाव्याच रेघेला लागले. ताराक्काचे साडेपाचाच्या वर गेले नाहीत. काम बाबालालला मिळालं.

ताराक्का फळी डोक्यावर घेऊन घरी आली. शेजारच्या अंजिराबाईनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? कुणाला कळणार हुतं?"

"मला कळलं हुतं की," ताराक्का म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. त्या पावसाळ्यात तिनं पत्र्यांची भोकं ट्यूबचे तुकडे चिकटवून बुजवली, आणि जिथं बुजली नाहीत तिथं पातेली ठेवली.

पुढच्या जानेवारीत बाबालाल पोतंभर चेंडू घेऊन तिच्या दाराशी आला. शहरातून आलेला माल सारखा नव्हता, काही चेंडू सहाव्या रेघेपर्यंत येत होते, तर काही चौथ्याच. "अक्का, तू निवडून दे," तो म्हणाला. "निवडायची मजुरी मी देणार. आन् माझ्या हातनं मोजलेलं पाची शाळा मानायच्या न्हाईत. तू मोजलंस तर मानतील."

तसंच झालं. त्यानंतर सामन्याचा कोणताही चेंडू ताराक्कानं पाहिल्याशिवाय मैदानात उतरला नाही. जानेवारी आला की तिच्या दारात पाची गावांच्या मुलांची रांग लागायची. सगळी श्वास रोखून रेघांकडे बघत राहायची. ताराक्का आकडा सांगायची, आणि त्या आकड्यावर कुणी वाद घालत नसे. हरलेलं गावही नाही. चेंडूवरून पुन्हा कधी डोकं फुटलं नाही.

आता ते सामने होत नाहीत. मैदानावर गोदाम उभं आहे आणि ताराक्का जाऊनही बरीच वर्षं झाली. पण हिंगणखेडात अजून कुणी वजनावरून किंवा मापावरून वाद घालू लागलं, की एखादं म्हातारं माणूस हळूच विचारतं, "चेंडू सावलीत ठेवले हुते का?" लहान मुलांना त्याचा अर्थ कळत नाही. मग त्यांना ही गोष्ट सांगावी लागते.

तात्पर्य: मोजमापात आपल्या फायद्याची चूक झाली, तर ती जो स्वतः दाखवून देतो, त्याच्याच मापावर जग विश्वास ठेवतं.