तीन विहिरींचा पोहरा

त्या मुलखात विहिरी तीन होत्या. तिन्हींच्या पोटात होतं पाणीच, पण मागायची रीत तीन तऱ्हेची.

पहिल्या विहिरीत बेडूक राखणीला होता. तो पोहरा भरून द्यायचा, आणि पाणी सरलं की रिकामा पाठवायचा. रिकामा आला की समजायचं, आजचं संपलं, घरी जा. दुसरीत कासव होतं. त्याच्याकडे पाणी रग्गड, पण अंग जड. पोहरा तळाला लागला तेव्हा ते पलीकडच्या कपारीत असलं, तर पोहरा रिकामाच वर यायचा. तिथे रिकाम्याचा अर्थ एवढाच, की अजून पोचलो नाही, पुन्हा सोड. तिसरीत खेकडा. तो रिकामा पोहरा कधी पाठवायचा नाही. पाणी सरलं की सरळ दोरी कापायचा.

आपापल्या विहिरीची रीत ज्याला त्याला आईच्या कुशीतच कळायची. दुसरीकडे दुसरी रीत असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. लेकी मात्र एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर दिल्या जायच्या. लुगडं द्यायचे, हळद द्यायचे, ओटी भरायचे. रीत कुणी देत नव्हतं.

बेडकाच्या विहिरीवर गिरजा नावाची साळिंदर राहायची. पाठीला काटे, जिभेला त्याहून जास्त. तिची एकुलती लेक येसू कासवाच्या विहिरीवर दिली. सुगीचे दिवस होते, सासरचे सगळे लांबच्या रानात गेलेले, घरात नवी नवरी एकटी. तिनं पोहरा सोडला, रिकामा आला. आजचं संपलं म्हणून मुकाट्यानं घरी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माणसं परत आली तेव्हा येसू विहिरीच्या काठाला डोकं टेकून पडलेली होती. विहीर भरलेली होती.

गिरजा रडली नाही. ती थेट कासवाकडे गेली.

"गिरजाबाई, माझं काय चुकलं सांगा," कासव खालून म्हणालं. "रिकामा म्हणजे थांब. शेंबडं पोरसुद्धा जाणतं."

"तुझ्या काठावरचं शेंबडं पोर जाणतं," गिरजा म्हणाली. "माझी लेक माझ्या काठावरची होती."

ती बेडकाकडे गेली, खेकड्याकडे गेली. तिघांचं म्हणणं एकच. विहीर माझी, रीत माझी, ज्याला पाणी हवं त्यानं शिकावी. यांची खोड जाणार नाही हे गिरजानं ओळखलं. मग तिनं त्यांच्याशी भांडणं सोडून दिलं आणि पोहरा करायला घेतला.

पोहरा असा, की वरची मूठ तिन्ही विहिरींवर एकच. सोडायची, धरायची, ओढायची, उरलेलं पाणी परत आत टाकायचं. एवढं आलं की झालं. बुडाला मात्र एक जोड, तो विहिरीगणिक वेगळा. बेडकाला टेकायला काठ लागतो, कासवाला पाठीवर टकटक लागते, खेकड्याला नांगीत धरायला कडी लागते. राखणदाराचं काय ते जोडानं बघायचं. मूठ धरणारीला राखणदार कोण आहे हे कळायचीसुद्धा गरज नाही.

बातमी पसरली तशी मंडळी जमली. जो तो आपली हौस घेऊन आला.

"वहिनी, पाणी वर येताना गाणं वाजलं तर?" कोल्हा म्हणाला.

"पाणी गरम निघालं पाहिजे," अस्वल म्हणालं. "आमच्या खेकड्याच्या विहिरीत थंडीत निघतं."

"बेडकाच्या विहिरीत निघतं का?"

"नाही."

"कासवाच्या?"

"नाही."

"मग पोहऱ्याकडे कशाला मागता भाऊजी? जे तिन्हीकडे जमतं तेवढंच यात. गरम हवं असेल तर घरी नेऊन चुलीवर ठेवा. चुलीला मी नाही म्हटलेलं नाही."

अस्वल रुसून गेलं. गिरजानं ढुंकून पाहिलं नाही.

पण पोहरा करताना तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. काठाला टेकलेलं डोकं. म्हणून तिनं जोड असा केला, की पोहरा रिकामा वर यायचाच नाही. पाणी मिळालं नाही तर जोड आपणच त्याला पुन्हा तळाला न्यायचा, आणि पुन्हा, आणि पुन्हा. वरच्या बाईला नुसतं धरून उभं राहायचं काम. कासवाच्या विहिरीवर हा पोहरा नेला तेव्हा नव्या सुना हसत पाणी भरू लागल्या. गिरजा घरी येऊन आतून दार लावून बसली आणि त्या दिवशी रडली.

मग उन्हाळा लागला. बेडकाच्या विहिरीचं पाणी सकाळीच सरू लागलं.

सोनकी नावाची ससीण होती, नुकतीच व्यालेली. पिल्लांचे डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. तिनं गिरजाचा पोहरा सोडला आणि मूठ धरून उभी राहिली. खाली बेडूक रिकामा पोहरा वर ढकलत होता, जोड तो परत खाली नेत होता. वर सोनकीला वाटत होतं, आत्ता येईल, आत्ता येईल. उन्हं चढली, कलली. तिकडे बिळात पिल्लं भुकेनं तळमळली आणि आईच्या वासावर बाहेर सरपटत निघाली. गिरजाला ती वाटेत सापडली. तापलेल्या मातीत पडलेली. त्यातलं धाकटं तोंडसुद्धा मिटत नव्हतं. गिरजानं बाकीच्यांना सावलीत सरकवलं, त्याला पोटाशी, जिथे काटे नसतात तिथे घेतलं आणि आपल्या जिभेनं त्याचं तोंड ओलं करत विहिरीपर्यंत आली.

सोनकी अजून मूठ धरून उभी होती. तळवे सोलवटलेले.

"सोड ती," गिरजा ओरडली. "केव्हाची उभी आहेस, अक्कल आहे का?"

"सोडू कशी काकू? पोहरा खाली चाललाय, म्हणजे पाणी येतच असणार." मग तिचं लक्ष गिरजाच्या पोटाशी गेलं आणि मूठ सुटली. पिल्लाला पाजायला बसली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. तुमच्या पोहऱ्याला सगळं येतं. नाही म्हणता येत नाही."

"नाही कशाला म्हणायचं?" गिरजाचे काटे उभे राहिले. "माझी येसू 'नाही' समजूनच गेली."

"ती नसलेलं 'नाही' समजून गेली," सोनकी म्हणाली. "माझी पिल्लं आज असलेलं 'नाही' न कळून गेली असती."

धाकट्याच्या गळ्यात घोट उतरताना दिसत होता, तिकडे गिरजा बघत राहिली. मग पाठीवरचा एक लांब काटा तिनं उपटला. दुखलं, तोंड वाकडं झालं, पण उपटला.

तो काटा तिनं मुठीत बसवला आणि दोरीतून एक बारीक तंतू खालच्या जोडापर्यंत नेला. काटा उभा, म्हणजे थांब. काटा आडवा, म्हणजे संपलं, घरी जा. बेडकानं रिकामा दिला की आडवा. कासव कपारीत असलं की उभा, आणि पाणी सरलं म्हणून त्यानंच मान आत ओढून घेतली की आडवा. खेकड्यासाठी तिनं दोरीच्या आधी एक गवताची काडी बांधली. तो कापायचा ती काडी. काटा पडायचा, दोरी शाबूत राहायची, आणि खेकड्याला आपलं काम केल्याचं समाधान.

काही उन्हाळे गेले. सोनकीची ती धाकटी लग्नाची झाली. तिला जिथे दिली तिथे या तिन्हींपैकी कुठली विहीर नव्हती. डोंगरापल्याडची चौथी. राखणदार म्हणे एक वाम मासा, आणि त्याची रीत इकडे कुणालाच ठाऊक नाही. सोनकी गिरजाकडे धावली. गिरजाला आता डोंगर चढवत नव्हता. तिनं पोहरा धुतला, बुडाचा जोड काढून ठेवला आणि तसाच बोडका पोरीच्या हातात दिला.

"सासूला म्हणावं, वर काही बदलायचं नाही," ती म्हणाली. "खालचं तुमचं तुम्ही करा. आणि पोरी, 'नाही' कसं कळणार हे आधी विचार. पाण्याचं नंतर."

डोंगरापल्याड सासू ओट्यावर वाट पाहत होती. म्हातारी ससीण, जन्मभर त्याच काठावर पाणी भरलेली. तिनं बोडका पोहरा उलटासुलटा करून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय आणलंस गं? बूडच नाही याला."

"ते तुम्ही करायचं, आत्याबाई. मला तुमचा वाम ठाऊक नाही. पाणी सरलं की काय करतो तो?"

म्हातारी थबकली. आजवर कुठल्या सुनेनं तिला हे विचारलं नव्हतं, आणि तिनं आपल्या सासूला विचारलं नव्हतं.

"शेपटी मारतो," ती म्हणाली. "डावीकडून. कळायला मला फार त्रास झाला होता." मग तिनं विळी जवळ ओढली, बांबूची एक चिपाटी घेतली आणि तासायला लागली. मधेच पोहरा हलला तशी खेकसली, "नीट धर की!"

सुनेनं वरून मूठ घट्ट धरली. पोहरा दोघींच्या मधे होता. खाली म्हातारीची बोटं जोड बसवत होती, आणि तिनं दोरीतला तंतू हळूच ओढून पाहिला तेव्हा वर, सुनेच्या तळव्याखाली, काटा हलला.