धर्मशाळेची किल्ली

“आणि उद्या काही झालं, तर लोक कुणाचा गळा धरतील, अप्पा?”

मन्मथचा आवाज चढला होता. अप्पा ओसरीवर ज्वारी पाखडत बसले होते. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

मठ जुना, एके काळी गावाबाहेरचा. मग डाळमिल आल्या, आणि गावाचं शहर होत होत ते मठाच्या भिंतीला येऊन टेकलं. अप्पा या मठाचे स्वामी. मन्मथ त्यांचा शिष्य, आणि मठाचा कारभारही तोच बघे. त्याची स्वतःची डाळमिल होती, शहरात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि हे वजन त्याच्या स्वतःच्याही चांगलंच ध्यानात असे.

वाद होता धर्मशाळेचा. भाविकांसाठी बांधलेली ती लांबट खोली. पण भाविक हल्ली मोटारीनं येत आणि मोटारीनंच परत जात. तिथे आता बिहारकडची माणसं निजायची. दिवसभर मिलमध्ये नाहीतर बांधकामावर राबायची आणि रात्री पाठ टेकायला यायची. शहराला त्यांचे हात हवे होते, भाड्यानं खोली मात्र कुणी देत नव्हतं. अप्पांनी त्यांना कधी या म्हटलं नव्हतं आणि जा तर नव्हतंच म्हटलं.

त्यातच मठाशेजारच्या गल्लीतून एक गॅसची टाकी चोरीला गेली. चोर सापडला नाही, पण कोण ते ठरून गेलं. आज दिवेलागणीला धर्मशाळेला कुलूप घालून दाखवतो, असा शब्द मन्मथ गल्लीला देऊन बसला होता. आणि किल्ली होती अप्पांच्या कमरेला.

दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. कुलूप पडलं तर ती माणसं उघड्यावर येणार, हे मन्मथला कळत नव्हतं असं नाही. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पण लेकीला घेऊन तो बाजारात जाई तेव्हा चहूकडून कानावर न कळणारी बोली पडे. ज्या रस्त्यावर लहानाचे मोठे झालो तिथे आपणच पाहुणे आहोत असं वाटून तो लेकीचा हात घट्ट धरी. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांनाही नाही. भीती सांगायची लाज वाटते, राग सांगायची वाटत नाही. म्हणून तो राग तेवढा सांगत होता.

सगळं ऐकून घेऊन अप्पा म्हणाले, “तुझ्या मिलवर तो लालबाबू आहे ना रे? तोही तिकडचाच.”

“त्याचं वेगळं आहे, अप्पा. तो घरातलाच आहे. आईच्या दुखण्यात तो दवाखान्यातून हलला नव्हता.”

“आणि गल्लीतल्या शिवलिंगकडे कामाला असतो तो सुतार?”

“तोही बरा आहे. त्याला मी ओळखतो.”

“मग वाईट ते कोण?”

“बाकीचे,” मन्मथ म्हणाला. “जे ओळखीचे नाहीत ते.”

अप्पांनी सूप खाली ठेवलं. कमरेची किल्ली सोडली आणि मन्मथच्या हातावर ठेवली.

मन्मथ चपापला. तो चांगला तासभर वाद घालायच्या तयारीनं आला होता.

“एक कर,” अप्पा म्हणाले. “त्यातला एक माणूस घेऊन ये. तुझ्या ओळखीचा नसलेला. माझ्यासमोर बसव, आणि मग खुशाल कुलूप लाव.”

“कशाला, अप्पा?”

“मला बघायचाय.”

मन्मथ मोटारसायकल घेऊन निघाला तो मनाशी हसतच. अप्पांचा डाव त्याच्या लक्षात आला होता. त्यांना वाटतंय, मी त्याला नाव विचारीन, गाव विचारीन, लेकरंबाळं विचारीन आणि विरघळून जाईन. तर काही विचारायचंच नाही. एक अक्षर विचारायचं नाही.

मजुरांच्या नाक्यावर काम न मिळालेली माणसं अजून उन्हाला बसून होती. मन्मथनं त्यातला एक निवडला. तांबारलेले डोळे, किटण चढलेले दात, गळ्याभोवती मळका मफलर. बघताच त्याच्या मनात तिटकारा आला. हाच बरा, असं त्याला वाटलं.

“चल,” एवढंच तो म्हणाला. काम असेल म्हणून तो माणूस मुकाट्यानं मागे बसला.

वाटेत त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मन्मथनं त्याला गप्प केलं. पुढे एका वळणावर कुत्री भुंकत गाडीमागे लागली आणि त्या माणसाची बोटं मन्मथच्या खांद्यात रुतली. कुत्र्यांना भितो, हे मन्मथला न विचारताच कळलं. त्यानं गाडीचा वेग वाढवला.

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. रागाच्या भरात पेट्रोल बघायचं राहून गेलं होतं. तो माणूस उतरला. तुम्ही हँडल धरा, असं हातानंच सांगून तो मागून गाडी ढकलायला लागला. पेट्रोलपंपापर्यंत त्यानं ती ढकलत आणली. तेवढ्या थंडीत तो घामाघूम झाला होता.

पंपाला लागूनच चहाची टपरी होती. एकट्यानं चहा प्यायचा मन्मथला संकोच वाटला, म्हणून त्यानं दोन सांगितले. त्याचा पिऊन झाला तरी हा बाबा कप हातात धरून बसलेला. चहावर साय धरली तरी तो ओठाला लावीना. मन्मथ वैतागला.

“पी की लवकर.”

त्या माणसानं बोटानं खालचा ओठ उलटा करून दाखवला. आत पांढरे फोड होते. इकडच्या मेसचं तिखट सोसत नाही, असं तो आपल्या बोलीत म्हणाला, आणि चूक झाल्यासारखा हसला.

मन्मथनं तोंड फिरवलं. आपण काही विचारलं नव्हतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

मठाशी पोचेपर्यंत उन्हं गेली होती. धर्मशाळेपुढे गल्लीतली मंडळी जमली होती. धर्मशाळेचं जुनं कुलूप कुणीतरी तेल घालून आधीच कडीत अडकवून ठेवलं होतं. गाडीवरच्या त्या माणसाकडे सगळ्यांनी पाहिलं. आलोच, जरा थांबा, असं मन्मथ कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाला.

आत अप्पांनी ताट मांडलं होतं. मठात येईल तो आधी जेवणार आणि मग बोलणार, ही तिथली रीत. वाढायचं काम अप्पा स्वतः करत.

“नाव काय याचं?”

“माहीत नाही,” मन्मथ म्हणाला. त्या सांगण्यात थोडा ताठा होता.

“गाव?”

“तेही नाही. मी विचारलंच नाही, अप्पा.”

“छान,” अप्पा म्हणाले.

तो माणूस ताटासमोर बसला. काम नाही, जेवण आहे, हे त्याच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं. अप्पांनी भाकरी वाढली. वरण वाढलं. मग हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा चांगला मोठा गोळा घेतला आणि हात ताटाकडे नेला. साधूनं वाढलेल्याला नको कसं म्हणायचं? त्या माणसानं हात जोडले आणि मान खाली घातली.

मन्मथनं अप्पांचं मनगट धरलं.

इतक्या वर्षांत पायांखेरीज त्यानं अप्पांना कुठे हात लावला नव्हता.

“ते नका वाढू त्याला,” तो म्हणाला. “त्याचं तोंड आलंय.”



बाहेरून कुणीतरी हाक मारली. मन्मथप्पा, दिवे लागले.

मन्मथ जागचा हलला नाही. त्याच्या दुसऱ्या हाताच्या मुठीत किल्ली होती आणि ती तळव्याला रुतत होती.

अप्पांनी आपल्या मनगटावरच्या हाताकडे पाहिलं. मन्मथनं तो सोडला. अप्पांनी ठेचा परत भांड्यात टाकला, आतून दही आणलं आणि ताटात भरपूर वाढलं. त्या माणसानं भाकरी कुस्करली, दह्यात कालवली आणि पहिला घास खाल्ला. तेवढा वेळ अप्पा नुसते बघत बसले.

मग ते म्हणाले,

“हा ओळखीचा निघाला, मन्मथा. दुसरा आण.”