शिडोबाचा खडक

एक होती नदी. तिला एक राजा होता. पण त्याचा मुकुट डोक्यावर नव्हता, पाठीवर होता. होडीच्या शिडासारखा उभा, तांबडा. म्हणून त्याचं नाव शिडोबा. तोंड सुसरीसारखं लांब आणि अंग चार बैलगाड्यांएवढं. डोहात पोहायचा, काठावर ऊन खात पडायचा. इंदू, घाबरायचं नाही, बरं का. तो माणसांना खात नसे. मगरीएवढे शिवडे मासे खायचा. खाताना सांडायचा फार. त्या सांडलेल्यावर बगळ्यांचं, कासवांचं पोट भरायचं.

काठावर भोयांची वस्ती होती. जाळ्यातला पहिला मासा शिडोबाच्या खडकावर ठेवायचा आणि त्या खडकावर माणसानं बसायचं नाही, अशी त्यांची रीत.

एकदा काय झालं, वस्तीचा म्हातारा धाकोजी, त्याची सून सगुणा जाळी धुवायला गेली. कडेवर तान्हं. खाली सगळा चिखल. मग तिनं बाळाला खडकावर ठेवलं. घटकाभरच तर ठेवायचंय, म्हणाली. तेवढ्यात पाणी फाटलं आणि शिडोबाचं तोंड वर आलं. सगुणा दचकून ओरडली, "धावा, बाळाला धरलं!"

बाळ तर तिथंच रडत होतं. शिडोबाच्या दातांत शिवडा वळवळत होता. बाळाच्या पायाशी आलेला शिवडा. ते सगुणानं पाहिलं, बरं का. पण तोवर सगळी वस्ती भाले घेऊन आली. खरं सांगायचं, तर बाळ खडकावर कसं, तेही सांगावं लागणार.

"सूनबाई, नीट पाहिलंस ना?" धाकोजीनं विचारलं. तिनं मान हलवली.

मग ढोल बडवले. शिडोबा हलला नाही. धाकोजीनं परत विचारलं. तिनं परत मान हलवली. मग भाले फेकले. शीड फाटलं. शिडोबा वळला आणि खाली खाली वाहत्या पाण्यात निघून गेला. धाकोजीनं तिसऱ्यांदा विचारलं. तिनं मान हलवली. मग खालच्या खिंडीत लाकडाच्या मेढी रोवून त्याची परतीची वाट बंद केली.

पहिल्या वर्षी शिवडे माजले. दुसऱ्या वर्षी त्यांनी बारकी मासळी खाऊन संपवली, बगळे उडून गेले. तिसऱ्या वर्षी सगुणाच्या चुलीवर नुसतं पाणी उकळू लागलं. बाळ ताट घेऊन बसायचं. मग तिनं सगळं सांगितलं.

"मी तीनदा विचारलं होतं गं," धाकोजी म्हणाला.

"तिन्ही वेळा तुमच्या हातात भाला होता, मामंजी."

सकाळी दोघांनी मिळून मेढी उपटल्या.

मग शिडोबा आला का? नाही रे राजा. खालून बारकी मासळी तेवढी चढून आली. शिवडे आता भोईच मारू लागले, त्याच भाल्यांनी. शिडोबाचं काम त्यांना करावं लागलं. बाळ जेवलं, वस्ती जेवली, सगळे सुखानं राहिले. सगुणा रोज पहिला मासा खडकावर ठेवायची. दिवस मावळताना तो तसाच असायचा. मग ती तो उचलून पाण्यात सोडायची.

त्या खडकावर अजून कुणी बसत नाही. ती जागा त्याची आहे. चला, आता आपापल्या जागी झोपा.