टेकवड्याची सावलीपट्टी

या वडाला वनखात्याने 'राष्ट्रीय वृक्ष' अशी पाटी लावली, ती अलीकडे. त्याच्या किती तरी आधी हाच वड इथल्या संस्थानाच्या निशाणावर होता. आणि पाहुण्यांनो, एवढी गार सावली सोडून टेकवड्याचा बाजार तिकडे उन्हात का भरतो, त्याचं कारणही ते निशाणच.

असं सांगतात, की संस्थानाचा मूळपुरुष लढाईत जखमी होऊन या वडाखाली पडला होता. गावच्या कुंभारांनी त्याला पाणी पाजलं, महिनाभर लपवलं. पुढे राज्य मिळालं तेव्हा त्याने निशाणावर वड काढला आणि शपथ घेतली, 'ही सावली सगळ्यांची.'

त्याच्या पणतूला शपथेचा विसर पडला. राजवाड्यावर नवा मजला चढवायचा होता, म्हणून त्याने वडाखालच्या दर दुकानामागे पैसा लावला. सावलीपट्टी! झाड फुकट देतं त्या सावलीवर पट्टी! आणि वसूल करणाऱ्यांच्या डोक्यावर फडकणारं निशाण वडाचंच.

ठमाबाई कुंभारीण मडकी घेऊन बसली होती. शिपायाने पैसा मागितला.

"सावली झाड देतंय. राजानं काय दिलं?"

एवढं बोलून तिने एकेक मडकं उचललं आणि उन्हात नेऊन मांडलं. पुढच्या बाजारी कासार तिच्या शेजारी बसला, मग मीठवाला, मग सगळेच. वडाखाली उरले फक्त शिपाई.

वैशाखातल्या एका बाजारी ठमाबाई भोवळ येऊन पडली. लोक तिला उचलून सावलीकडे धावले. शिपाई आडवा आला. "आधी पैसा."

कासाराने कनवटीला हात घातला. तिने त्याचं मनगट धरलं. "देऊ नगंस, दादा." सावलीपासून चार पावलांवर ती गेली.

लोकांनी निशाण उपटलं आणि त्याच कापडात तिला गुंडाळून नेलं, म्हणे. आडवं यायची एकाही शिपायाची छाती झाली नाही. पट्टी रद्द झाली. राजा स्वतः येऊन म्हणाला, "आता बसा सावलीत."

कासार उत्तरला, "महाराज, आम्हाला ऊन परवडतं."

आजही बाजार उन्हातच भरतो. वडाखाली दुकान लागत नाही. कुणी आजारी पडलं, एखादी गरोदर बाई थकली, तर तिथे नेऊन निजवतात. त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही. मागून बघावं कुणी!