टिटवीने गिळलेली हाक

मुलांनो, माळ संपून जिथे खडकाळ उतार सुरू होतो, तिथल्या एका नदीच्या काठी एक टिटवी राहत असे. तुम्ही टिटवी पाहिली नसेल, पण ऐकली नक्की असेल. तिचे पाय लांब आणि पिवळे, डोळ्यांपुढे लाल कातडी, आणि आवाज असा की गाढ झोपलेला माणूस दचकून उठून बसावा. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून, असं लोक सांगतात. साफ खोटं आहे ते. टिटवीला आभाळाची काळजी नसते, जमिनीची असते. कारण ती अंडी घालते उघड्या जमिनीवर. झाड नाही, ढोली नाही, गवताचा आडोसा नाही. जमिनीवरून जे जे चालतं आणि सरपटतं, त्या सगळ्यांपासून अंडी सांभाळायला तिच्याकडे एकच हत्यार असतं, तिचा घसा.

हा घसा मोठा विलक्षण. संकट डोळ्यांना दिसण्याआधी त्याला कळतं. म्हणून टिटव्यांमध्ये एक रीत आहे. नव्या जागी उतरलं की लगेच दाणापाणी शोधायचं नाही. आधी गप्प उभं राहायचं आणि घशाला विचारायचं. घसा शांत राहिला तर जागा बरी. घशात हाक दाटून आली तर आल्या पावली परत फिरायचं. का, कशासाठी, असा वाद घशाशी घालायचा नाही. टिटवीला ही रीत तिच्या आईने शिकवली होती, आणि आईला तिच्या आईने.

त्या वर्षीचा उन्हाळा फार वाईट होता. नदीतला शेवटचा डोह आटला आणि तळाच्या चिखलाला भेगा पडल्या. नेमकी तेव्हाच टिटवीची अंडी घालायची वेळ जवळ आली. आता तुम्ही म्हणाल, अंडी घालायला पाणी कशाला हवं? हवं. भर उन्हात टिटव्या पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात. पाणी नसेल तर अंड्यातलं पिल्लू आतच भाजून मरतं.

उताराच्या पलीकडे एक तळं अजून भरलेलं होतं. ते रानडुकराचं होतं. म्हणजे त्याने ते खणलं नव्हतं, की त्याच्या वाडवडिलांनीही खणलं नव्हतं. पण तिथे सगळ्यांत दांडगं तेच होतं, त्यामुळे तळं त्याचं. जो त्याच्या कामाला येईल त्यालाच पाणी मिळे. एके दिवशी त्याचा बगळा निरोप घेऊन आला, "मालकांना पहारेकरी हवाय. लांडगा आला, बिबट्या आला की वर्दी द्यायची. पाणी हवं तेवढं, आणि काठावर घरट्याला जागा."

टिटवीचं मन हरखून गेलं. तिचा जोडीदार टिटवा मात्र म्हणाला, "जाऊन ये. पण रीत विसरू नकोस हं. आधी घशाला विचार."

सकाळीच टिटवी तळ्यावर उतरली. काय पाणी होतं! आभाळ दिसावं इतकं स्वच्छ. काठावर बारीक खडे पसरलेले, खळगा करायला अगदी हवे तसे. ती रीतीप्रमाणे गप्प उभी राहिली. घसा शांत होता. तेवढ्यात बगळा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मालकांपुढे जरा बेताने बोला. त्यांना मोठा आवाज खपत नाही."

पहारेकरी हवा, पण आवाज नको! मुलांनो, तुम्ही हसलात ना? टिटवीलाही हसू आलं होतं. पण गरजू माणसाने नोकरीच्या दारात हसायचं नसतं, म्हणून तिने ते आवरलं.

रानडुक्कर चिखलात पसरलं होतं. त्याने टिटवीकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ते फक्त हुंकारलं, "बगळ्या!" आणि बगळा उत्तर देण्याआधी मागे सरला. अगदी थोडासा, सवयीने, पण सरला. रानडुकराने काहीतरी विनोद केला. काठावरचे सगळे हसले, पण ते विनोद संपण्याआधीच हसले. आणि कुणाचेही डोळे हसत नव्हते.

टिटवीने हे सगळं पाहिलं, आणि तिच्या घशात खालून वर एक हाक चढू लागली.

"तुझ्या आधी कुणी होतं का या कामावर, ते विचार ना," रानडुक्कर आपणहून म्हणालं. "विचारायला लाजू नकोस. एक होती. ती बघ, तिकडे टेकाडावर."

दूरच्या टेकाडावरून एक म्हातारी टिटवी घोगऱ्या आवाजात एकसारखी ओरडत होती.

"तिला काय झालं?" टिटवीने विचारलं.

"वेड लागलं. इतकं दिलं मी तिला, पण काहींना सुख पचतच नाही. तू तशी दिसत नाहीस. तू समंजस आहेस. आहेस ना?"

हाक आता टिटवीच्या चोचीपर्यंत आली होती. एवढी मोठी हाक तिला लांडग्यापुढेही कधी आली नव्हती. पण समोर पाणी चमकत होतं आणि पोटात अंडी होती. तिने मान खाली घातली आणि हाक गिळली. गिळताना घशात दुखलं.

"काही म्हणालीस?" रानडुकराने विचारलं.

"नाही मालक. जरा घसा खवखवला."

"मग ये उद्यापासून."

घरी आल्याबरोबर टिटव्याने विचारलं, "काय म्हणाला घसा?"

"पाणी किती आहे माहितीये?" टिटवी म्हणाली. "आभाळ दिसतं त्यात. आणि खडे तर असे आहेत की..."

"मी घशाचं विचारतोय."

"शांत होता," टिटवी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती टिटव्याशी खोटं बोलली होती. टिटव्याने तिच्याकडे नीट पाहिलं. पण उन्हाळा त्यालाही दिसत होता.

तळ्याच्या काठी खड्यांमध्ये खळगा करून टिटवीने अंडी घातली. खड्यांच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, जवळ जाऊनही न दिसणारी. टिटवा आणि टिटवी आळीपाळीने पोट भिजवून येत आणि अंड्यांवर बसत. खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे होते. टिटवीला वाटू लागलं, घसाच चुकला असेल. इतकं भलं झालं की आपलं. घशाला काय कळतं!

मग एका दुपारी लांडगा आला. टिटवी आभाळात झेपावली आणि जिवाच्या आकांताने ओरडली. रानडुकराची पिल्लं झाडीत पळाली, लांडगा हात हलवत परत गेला. टिटवीला वाटलं, आता मालक शाबासकी देणार.

"माझी झोप मोडलीस," रानडुक्कर म्हणालं.

"पण मालक, लांडगा..."

"लांडगा मलाही दिसतो. पुढच्या वेळी आधी मला विचारायचं. मी हो म्हटलं तर ओरडायचं. भलत्या वेळी तुमचं ते अशुभ ओरडणं मला चालायचं नाही. पाण्यात पोट भिजवता ना रोज? मग एवढं लक्षात ठेवा."

त्या दिवसापासून टिटवी विचारू लागली. गवत हललं की ती उडण्याऐवजी चालत रानडुकराजवळ जाई आणि बारीक आवाजात म्हणे, "मालक, ओरडू का?" बहुतेक वेळा उत्तर येई, "नको." कधी उत्तरच येत नसे, मग ती तशीच उभी राही. रानडुक्कर सगळ्यांना सांगे, "पाहा, ही किती शहाणी आहे." ते ऐकून टिटवीला बरं वाटे. याचंच मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, मुलांनो, की तिला बरं वाटे. घशात हाक येतच राहिली, पण दर वेळी आधीपेक्षा लहान. पुढे पुढे ती गिळावीही लागेना.

अंडी फुटायला आली होती. आतून चोचीचा बारीक टकटक आवाज येऊ लागला होता. त्या दुपारी ऊन फार चढलं. टिटवा म्हणाला, "मी पोट भिजवून आलोच. तू लक्ष ठेव." आणि तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे गेला.

तेवढ्यात रानडुक्कर उठलं. त्याच्या लोळायच्या जागेतला चिखल उन्हाने कडक झाला होता. नवी ओली जागा शोधत, सुळ्यांनी काठ उकरत ते खड्यांच्या दिशेने निघालं. सरळ अंड्यांकडे.

मुलांनो, अशा वेळी टिटवी काय करते ते तुम्हाला सांगायला हवं. म्हशींचा कळप अंड्यांवर चालून आला तरी टिटवी हलत नाही. ती पंख ताठ पसरते, म्हशीच्या तोंडापुढे उभी राहते आणि अशी किंचाळते की एवढी धिप्पाड म्हैस दचकून वाट बदलते. रानडुक्करही वळलं असतं. मुद्दाम अंडी तुडवायला ते आलंच नव्हतं. त्याला ती दिसलीही नव्हती.

टिटवी धावली. त्याच्या अगदी तोंडापुढे उभी राहिली. पंख पसरले. चोच उघडली. आणि त्या चोचीतून बारीक आवाजात शब्द आले,

"मालक, ओरडू का?"

"आत्ता नको," रानडुक्कर म्हणालं आणि पुढे चालत गेलं.

टिटव्याची किंकाळी तळ्याच्या त्या टोकावरून आली, पण ती फार लांबून आली. तो उडत पोहोचला तेव्हा रानडुक्कर पलीकडे मजेत लोळत होतं. खड्यांमध्ये कवचाचे तुकडे पडले होते. टिटव्याचं पोट भिजलेलं होतं. तो खळग्यापाशी गेला आणि ओलं पोट टेकवून त्या तुकड्यांवर बसला. पिसांतलं पाणी वाळेपर्यंत तो बसून राहिला. मग उठला आणि माळाच्या दिशेने उडून गेला. टिटवीला त्याने बरोबर बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती कुठल्या तोंडाने गेली असती?

"आज पहाऱ्यावर कुणी नाही काय?" संध्याकाळी रानडुक्कर गुरगुरलं.

तेव्हा टिटवीच्या घशातून हाक बाहेर पडली. इतके दिवस गिळलेल्या सगळ्या हाका एकदम वर आल्या. ती तळ्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली, काठावरची सगळी जनावरं वर पाहू लागली. रानडुकराने बगळ्याकडे पाहून म्हटलं, "हिलाही वेड लागलं. दुसरी कुणीतरी बघ."

टिटवी दूरच्या टेकाडावर जाऊन राहिली. तिथली म्हातारी टिटवी तोवर मरून गेली होती. त्या म्हातारीची अंडी कुठल्या खळग्यात होती, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तळ्यावर एक तरुण टिटवी उतरली. रीतीप्रमाणे ती क्षणभर गप्प उभी राहिली. मग बगळा तिला रानडुकरापुढे घेऊन गेला. टेकाडावरून टिटवीने ते पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात ओरडायला सुरुवात केली.

"ती कोण?" तरुण टिटवीने विचारलं.

"इथेच कामाला होती," रानडुक्कर म्हणालं. "वेड लागलं. लक्ष देऊ नकोस."

तरुण टिटवीने थोडा वेळ ऐकलं. मग ती म्हणाली, "मालक, हे वेडाचं ओरडणं नाही. अंडी गेल्यावर आमच्यात असं ओरडतात. तिच्या अंड्यांचं काय झालं?"

"अंडी?" रानडुकराने बगळ्याकडे पाहिलं. "हिची अंडी होती का रे इथे?"

बगळा मागे सरला.

तरुण टिटवीच्या घशात हाक दाटून आली. तिने पाण्याकडे एकदा पाहिलं. तिलाही पाणी हवं होतं, तिच्याही पोटात अंडी होती. तिने मान वर केली, तिथेच, मालकाच्या तोंडावर, मोठ्याने हाक दिली आणि पंख उघडून उडाली.

ती टेकाडावर येऊन टेकली. खाली तळं चमकत होतं.

"आता पाणी शोधायला फार लांब जावं लागेल," तरुण टिटवी म्हणाली. मग भीत भीत तिने विचारलं, "मावशी, एक विचारू? पहिल्या दिवशी तुम्हाला कळलं नव्हतं का हो?"

टिटवीने खाली त्या खड्यांकडे पाहिलं.

"कळलं होतं, बाळा," ती म्हणाली. "तुझ्याइतकंच स्पष्ट कळलं होतं."

तात्पर्य : ज्याच्या हाताखाली राबायचं, त्याच्या पहिल्याच भेटीत मन मागे सरलं तर गरजेपोटी त्या मनाला गप्प बसवू नये; गप्प बसायची सवय लागलेलं मन जिवावर बेतल्यावरही परवानगीच मागत राहतं.