सोन्याची हंडी आणि मोराची वाटी

एका राज्यात, जिथे हिवाळा डोंगर उतरून पायी येई आणि गडाच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसे, तिथल्या राणीची झोप उडाली होती. कारण एवढेसे होते. लेकीच्या केसांना तेल लावताना मानेवर, केसांच्या मुळाशी, तिच्या बोटाला काहीतरी मऊ लागले. केस बाजूला करून पाहिले, तर नखाएवढे तपकिरी पीस. राणी कुमुद्वतीने स्वतःची समजूत घातली, की रजईतले चिकटले असेल. मग तिला आठवले, की राजवाड्यातल्या रजया कापसाच्या आहेत. तेव्हापासून ती आढ्याकडे बघत पडून राही.

त्या घराण्यात पीस म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते. खजिन्यात सोन्याची एक हंडी होती. राजाच्या खापरपणजोबांनी ती एका चेटकिणीच्या अंगणातून उचलून आणली होती, तीही भरलेली, माणसे पानावर बसलेली असताना. चेटकिणीने मागे धावण्याचे कष्ट घेतले नाहीत. ओसरीवरूनच ती म्हणाली, "न्या. पण दर हिवाळ्यात हिच्यात शिजवा आणि सर्वांनी हिच्यातलंच जेवा. तुमच्या रक्ताचं जे माणूस तीन पंगतींना हिच्यातलं जेवणार नाही, त्याला पंख फुटतील. आणि ज्या दिवशी साऱ्या पंगतीनं हिच्यातलंच खाल्लं, एकानंही वेगळं नाही, त्या दिवशी मी माझा शब्द मागे घेईन."

शेवटचे वाक्य फारच सोपे वाटले, म्हणून कोणी त्याचा विचार केला नाही.

तेव्हापासून दर पौषी पौर्णिमेला हंडीत सायीचे सार होई. हिवाळी भाज्या, म्हशीचे दूध, वर बोटभर साय. आणि राजकन्या वैजयंतीला, जिला घरात वैजू म्हणत, दुधाचा थेंब चालत नसे. ओठ सुजत, श्वास शिट्टीसारखा वाजे. वैद्य म्हणाले, मोठी होईल तशी पचेल. म्हणून पहिल्या पंगतीला राणीने तिच्यासाठी मोराची नक्षी असलेली चांदीची वाटी घडवली आणि तीत तांदळाची पेज वाढली. दुसऱ्या पंगतीलाही तेच. वाटी सुरेख होती. राणीला तिचा अभिमान होता, आणि आता त्या अभिमानाची लाज वाटत होती. तिसरी पंगत तोंडावर आली होती, आणि मुलगी काही एवढ्यात मोठी होणार नव्हती.

राणी शिकलेली होती. वैद्यकाचे ग्रंथ तिने वाचले होते, आणि घाबरायला पुरेल एवढे तिला कळलेही होते. राजवाड्यात लोक म्हणत, राणीसाहेब जरा जास्तच करतात. कधीकधी राणीलाही तसेच वाटे.

मुदपाकखान्याच्या खिडकीत एक साळुंकी बसे. ती राजाची आत्या. लहानपणी तिलाही दूध सोसत नसे.

"सूनबाई," साळुंकी म्हणाली, "काजळ डोळ्यात घालायचं असतं. तू गालावर घातलंयस."

"झोप नाही आत्याबाई."

"पीस दिसलं ना? मलाही आधी मानेवरच आलं होतं. आमच्या आईनं उपटलं. दुसऱ्या दिवशी दोन आली. उपटू नकोस."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस, मी पक्षी आहे." साळुंकीने भिजल्या डाळीचा दाणा टिपला. "कंदनाथाकडं जा. जमिनीखाली राहतो. जादूगार आहे, उद्धट आहे, पण खोटं बोलत नाही."

राणी निघाली. दासीला काय काय सांगायचे राहिले म्हणून ती वेशीवरून तीनदा परत आली. चौथ्यांदा मात्र गेली.

कंदनाथाच्या बिळावर वेलींचे छप्पर होते. तो मातीच्या भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या दाढीला बारीक मुळ्या फुटल्या होत्या.

"माझ्या मुलीला दूध पचेल असं औषध द्या," राणी म्हणाली.

"नाही."

"देणार नाही, की तुमच्याकडे नाही?"

"असं औषध मला ठाऊक नाही. आणि मुलीला शाप नाही, राणी. तिचं अंग तसं आहे. शाप हंडीला आहे."

"मग हंडी फोडते."

"तुझ्या सासऱ्यानं ती हत्तीच्या पायाखाली घातली होती. हत्ती अजून लंगडतो." कंदनाथाने दाढीतली एक मुळी मोडून चघळली. "हंडीला पदार्थ दाट लागतो. पळीच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहील इतका. पातळ असला तर ती चुलीवरही गार पडते, जमला तर घुमते. दूध तिनं कधी मागितलं नाही. दूध तुमच्या घराण्याला आवडतं."

इतके दिवस आपण मुलीला हंडीजोगे करू पाहत होतो. हंडी मुलीजोगी करावी, हे आपल्याला सुचले कसे नाही, असे राणीच्या मनात आले. आणि पाठोपाठ, हे बरोबर असेल कशावरून, असेही आले.

"तीन वस्तू लागतील," कंदनाथ म्हणाला. "हिमराक्षसाच्या उशाचा लाल भोपळा. लाजऱ्या माळावरचं पांढरं कोनफळ. आणि राघूच्या कोठारातले तीळ. आजवर मोठमोठे योद्धे गेले. बरेचसे परत आले नाहीत."

हिमराक्षस दरीत आडवा पसरला होता आणि भोपळा त्याच्या डोक्याखाली होता. त्याच्या श्वासाने झाडे वाकत होती. आजूबाजूला तलवारी पडलेल्या होत्या, त्याला उठवून लढू पाहणाऱ्यांच्या. राणीने शालीची गुंडाळी केली. मग तिने श्वास रोखला, एक हात त्याच्या मानेखाली सरकवला, तो हलला तेव्हा थांबली, "हं, हं" असे पुटपुटत त्याला थोपटले, आणि भोपळा काढता काढता शाल आत सरकवली. झोपलेल्या मुलीखालून आपला दंड सोडवून घेण्याचा तिला चांगला सराव होता.

लाजऱ्या माळावर कोनफळ ओढू गेले की खोल खोल जाई. योद्ध्यांनी तिथे विहिरी खणल्या होत्या. राणीने एकदा ओढून पाहिले, आणि मग ती माळाकडे पाठ करून बसली. "कुठं गेलं बाई कोनफळ," ती मोठ्याने म्हणाली. "इथं तर कुणीच नाही. गेलं वाटतं घरी." मागे माती सरसरली. तिने पदरात तोंड लपवले आणि आणखी थोडा वेळ काढला. वळून पाहिले तेव्हा कोनफळ आख्खे बाहेर येऊन बसले होते, मातीने माखलेले, आपण सापडलो म्हणून खुशीत.

कोठाराच्या दारावर हिरवा राघू होता.

"तीळ कशाला?" राघूने विचारले.

"सार करायला."

"का?"

"मुलीला जेवता यावं म्हणून."

"का?"

"नाहीतर तिला पंख फुटतील."

"का?"

उत्तरे देता देता सूर्य डोंगराआड गेला. चेटकिणीपासून सुरू झालेली गोष्ट दुधापर्यंत आली, दुधावरून गाईम्हशींवर, तिथून गवतावर, गवतावरून पावसावर. राणी चिडली नाही. शेवटी राघूने विचारले, "पण तिलाच का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं," राघू म्हणाला आणि दार उघडले. आजवर आलेल्या विद्वानांपैकी हे कोणी म्हटलेच नव्हते.

परतीच्या वाटेवर राणीला वाटत राहिले, की आपण यात पराक्रम असा काही केलाच नाही. सांगितले तर लोक हसतील. तिने सांगितले नाही.

पौर्णिमेच्या सकाळी ती मुदपाकखान्यात शिरली. मुख्य आचारी नागोजी पदराला हात पुसणारी राणी पाहून दचकला. राणीने भोपळा निखाऱ्यांत पुरला, साल काळी पडून गर लोण्यासारखा होईतो. हाताला खोबरेल चोळून कोनफळ सोलले, म्हणजे खाज सुटत नाही, आणि गाजर, पांढरा कांदा, आल्याचा तुकडा यांच्याबरोबर शिजत घातले. भिजवलेले तीळ पाट्यावर गंधासारखे वाटले, फडक्यातून पिळले. पांढराशुभ्र रस निघाला. चिंता करणाऱ्या माणसाला एक खोड असते. तिने सगळ्यातले निम्मे बाजूला झाकून ठेवले.

पहिल्यांदा तिने तिळाचा रस उकळत्या हंडीत ओतला आणि तो फाटला. दाणे वर आले, हंडी गार पडली. राणीला रडू आले, पण बघायला आत्याबाई होत्या, म्हणून तिने ते लांबणीवर टाकले. तिने हंडी खाली उतरवली, वाफ बसू दिली, सगळे रवीने घोटले, आणि रसाची बारीक धार सोडत घोटतच राहिली. हळूहळू साराला अंग आले. केशरी, गुळगुळीत, वर सायीसारखी तकाकी. पळीच्या पाठीवर बोट ओढले. रेघ राहिली. हंडी घुमली.

राणी तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली.

"सूनबाई," साळुंकी खिडकीतून म्हणाली, "नागोजीनं आत्ता तूप सोडलं."

राणी धावत आली. नागोजीच्या हातात चमचा होता आणि चेहऱ्यावर समाधान.

"नागोजी, दूध नको म्हटलं होतं."

"दूध कुठं घातलं राणीसाहेब? तूप आहे. साजूक. शाही पंगत, आणि वर तेलाची फोडणी? लोक काय म्हणतील."

तो मनापासून बोलत होता. त्या राज्यात तुपाला कोणी दुधाचे मानत नसे. तूप म्हणजे तूप.

बाहेर पाने मांडली होती, पंगत बसली होती. उशीर का, हे बघायला राजा चंद्रकेतू स्वतः आत आला आणि त्याने सगळे ऐकले.

"एक चमचा," तो म्हणाला. "एवढ्या हंडीत."

"महाराज, दसऱ्याला तुम्ही खीर खाऊन तिचा पापा घेतला होता. गाल किती सुजला होता?"

राजाने मिशीवरून हात फिरवला.

"ओता हे," राणी म्हणाली. आपण जरा जास्तच करतोय का, हा प्रश्न नेहमीसारखा आला. या वेळी ती त्याच्यासाठी थांबली नाही.

सार हत्तीखान्यात गेले. लंगड्या हत्तीला ते फार आवडले. राणीने पदर खोचला आणि राख नि रिठ्याच्या पाण्याने हंडी घासली, पळी घासली, रवी घासली. नागोजी शेजारी उकिडवा बसून पाणी ओतत होता. जरा वेळाने तो म्हणाला, "कढईलाही तूप लागलंय. ती मी घासतो." मग राणीने झाकून ठेवलेले निम्मे काढले. पंगत ताटकळली. कोणीतरी पान उलटे करून पुन्हा सुलटे केले. हंडी घुमली तेव्हा दिवस कलला होता.

दासीने सवयीने मोराची वाटी आणली. राणीने ती परत पाठवली. वैजूला हंडीतले वाढले, राजाला हंडीतले, खिडकीत साळुंकीपुढे हंडीतले. सार निम्मेच होते, म्हणून प्रत्येकाला निम्मी वाटी आली. सेनापती शार्दूलरावांनी घोट घेतला, दुसरा घेतला, आणि वाटी हातात धरून ते बसूनच राहिले.

"शार्दूलराव," राजा म्हणाला, "दरवर्षी तुमची वाटी सर्वांत आधी रिकामी होते."

"महाराज, दरवर्षी मी ती खांबाजवळच्या केळीच्या कुंडीत ओततो. दूध पोटाला सोसत नाही. रणात दुखलं तर सांगता येतं. पंगतीत कसं सांगणार."

"म्हणून ती केळ कधी व्याली नाही."

"होय महाराज," ते म्हणाले आणि उरलेले सार पिऊन टाकले.

दोन मंत्री आपापल्या पानाकडे बघू लागले. पण त्यांच्याही वाट्या या वेळी खरोखरच रिकाम्या होत्या.

मग हंडी एकदा वाजली आणि पितळेची झाली. राजाने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "चिंचेनं घासायची आता," तो म्हणाला. खिडकीत साळुंकीच्या जागी हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, आणि तिथून उतरायचे कसे हे तिला आठवेना. दोन दासींनी तिला खाली घेतले. "गुडघे," ती म्हणाली. "हे विसरलेच होते." राणीने वैजूच्या केसांत बोटे घातली. पीस अलगद हातात आले. खाली नुसती मान होती, कोमट, तेलाच्या वासाची.

इतक्या दिवसांनंतर मुलगी काय म्हणते, याची राणी वाट बघत राहिली. वैजूने वाटी चाटून पुसून संपवली. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. साऱ्या पंगतीत तेच केशरी सार होते.

"आई," तिने विचारले, "आज कुणालाच दूध चालत नाही?"

"आज नाही."

वैजूने थोडा विचार केला. मग ती सरकत सरकत सेनापतींच्या पानापाशी गेली, त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "घाबरू नका. सवय होते."