वेणुदत्ताचा विस्तव

फार पूर्वी कंसवती नगरीवर पद्मकेतू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव वेणुदत्त. कांसे वितळवून घंटा आणि भांडी ओतणाऱ्यांच्या श्रेणीचे, म्हणजे त्या धंद्याच्या संघाचे, ते पुढे मुख्य झाले. नगरीत आठ भट्ट्या होत्या. पणजोबांच्या काळीही आठच होत्या, आणि ओताऱ्यांना याचा अभिमान वाटे.

नववी भट्टी का नव्हती, तर तिथे एक रीत होती. नवी भट्टी पेटवायची ती श्रेणीच्या मुख्याकडच्या विस्तवानेच. दुसऱ्या आगीवर ओतलेले कांसे तडकते, असे लहानथोर सगळे मानत. हा विस्तव मुख्य सहसा कोणाला देत नसे. दिलाच आणि पुढे ती भट्टी विझली, तर त्या माणसाची हत्यारे श्रेणीत जमा होत आणि जन्मात पुन्हा त्याला विस्तव मागता येत नसे. एवढा धाक असल्यावर मागायला येणार तरी कोण?

नगरी मात्र वाढत होती. घाटाच्या पायऱ्यांवर धडधाकट माणसे दिवसभर रिकामी बसत. दर पौर्णिमेला व्यापाऱ्यांचा तांडा दक्षिणेला निघे आणि या रिकाम्या माणसांतली दहावीस त्याच्याबरोबर कायमची जात. राजाला चैन पडेना. जेवता जेवता उठून तो गच्चीवर येई, घाटाकडे बघे आणि ताट तसेच राही.

मंत्र्यांच्या सल्ल्याने त्याने आठही भट्ट्यांचा कर माफ केला. मोठ्या घरांचा हात सैल झाला की ती माणसे कामाला लावतील, असा त्याचा अंदाज. वर्ष सरले. कोरंड नावाच्या सर्वांत श्रीमंत ओताऱ्याने घराला मोरांच्या नक्षीचा सज्जा काढला. भट्टीवर माणूस मात्र एकही वाढला नाही.

राजाने वेणुदत्तांना बोलावले. "कर गेला आणि माणसेही चालली. नवे काम येते तरी कुठून?"

"मला ठाऊक नाही, महाराज," वेणुदत्त म्हणाले. दरबारात असे उत्तर देण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे राजा क्षणभर गोंधळला. "आठ दिवस द्या. पाहून सांगतो."

आठ दिवस ते गल्लीबोळ फिरले. भेटेल त्या कामकऱ्याला एकच विचारीत, कामाला कधी लागलास आणि कोणाकडे? आठ भट्ट्यांवर नवा माणूस येई तो जुना थकला किंवा मेला म्हणजे. रंगाऱ्यांच्या आळीत निराळेच दिसले. तिथे कोणाची परवानगी लागत नसे. पाच वर्षांत तिथे बारा नवी रंगकुंडे निघाली होती आणि त्यांतली सात बंदही पडली होती. पण उरलेल्या पाचांवर जेवढी माणसे राबत होती, तेवढी आठ भट्ट्यांनी मिळून वीस वर्षांत घेतली नव्हती. बुडालेल्या सातांचे मालकसुद्धा तिथेच होते, आणि पहिल्या खेपेला काय चुकले ते इतरांना ऐकवीत होते.

वेणुदत्त परतले ते मान खाली घालून. उत्तर मिळाले होते, आणि ते त्यांच्याच दारात येऊन थांबत होते.

दारात सोमिला बसली होती. तिचा बाप वेणुदत्तांच्याच भट्टीवर राबून गेला होता. त्याच्याकडून ती पातळ, हलक्या घंटा ओतायला शिकली होती. विस्तव मागायला ती दोनदा आली होती आणि दोनदा वेणुदत्तांनी तिला गोड बोलून वाटेला लावले होते.

"काका, परवा पौर्णिमा," ती म्हणाली. "ह्यांनी तांड्यात नाव दिलंय. सासूबाईंना चालवत नाही, त्यांना इथंच ठेवून जावं लागेल. एकट्या. मी शेवटचं विचारायला आले."

वेणुदत्त आत न जाता तसेच राजवाड्याकडे वळले.

"महाराज, नवे काम नव्या भट्टीवर निघते. जो मागेल त्याला विस्तव द्यावा. आणि ज्याची भट्टी विझेल त्याची हत्यारे त्याला परत द्यावीत, त्याला पुन्हा पेटवू द्यावी."

"अर्ध्या विझतील," राजा म्हणाला.

"विझतील. कोणत्या, ते तुम्हांला आज सांगता येणार नाही आणि मलाही नाही. म्हणून तर सगळ्या पेटू द्यायच्या."

कोरंड तिथेच होता. "वेणुदत्ता, ही माणसे उद्या तुझीच गिऱ्हाइके पळवतील."

"पळवतील," वेणुदत्त म्हणाले. बोधिसत्त्व झाले म्हणून त्यांना पोटाची काळजी नव्हती, असे कोणी समजू नये.

राजाने दोन्ही गोष्टींची दवंडी पिटवली. दुसऱ्या दिवशी साऱ्या श्रेणीदेखत वेणुदत्तांनी सोमिलेच्या मडक्यात निखारे घातले. तांडा निघाला तेव्हा तिच्या नवऱ्याची जागा रिकामी होती.

विस्तव देणे एका दिवसाचे काम होते. कठीण दिवस पुढे आले.

सहा वर्षांत तीस भट्ट्या पेटल्या आणि चौदा विझल्या. घाटाच्या पायऱ्यांवर आता धुणी वाळत घालायला जागा मिळू लागली. लोक वेणुदत्तांना दुवा देत आणि घंटा सोमिलेकडून घेत. त्यांच्या भट्टीवरची माणसे एकेक करून तिकडे गेली. पलीकडच्या गल्लीत सोमिलेच्या भट्टीवर कानस चालू लागली की वेणुदत्त घास हातात धरून थांबत. आपण केले ते बरेच केले, असे ते स्वतःला बजावीत, आणि लगेच खिडकी लावून घेत. शेवटी राजरथाच्या घंटांचे काम सोमिलेला गेले. ते त्यांच्या घराण्यात चार पिढ्या चालत आले होते.

त्याच सकाळी परगावचे दोघे भाऊ विस्तव मागायला आले. वेणुदत्त ओतीत तशाच जाड घंटा त्यांना ओतायच्या होत्या. मागोमाग कोरंड आला. तो त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तीस झाल्या, पुष्कळ झाल्या. आता पुरे, एवढेच राजाला सांग. तुझ्या शब्दाने सुरू झाले, तुझ्या शब्दाने थांबेल. कोणी नावे ठेवणार नाही."

वेणुदत्तांनी भावांना ओट्यावर बसवले आणि ते येरझारा घालू लागले. तोंडून हो निघेना आणि नाहीही निघेना. ऊन डोक्यावर आले तसे त्यांना घरात राहवेना. ते तडक सोमिलेच्या भट्टीकडे चालू लागले. भांडायला निघालो की पाहायला, हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते.

तिथे सतरा माणसे कामात होती. त्यांतली कितीतरी त्यांनी घाटावर रिकामी पाहिली होती. सोमिलेची म्हातारी सासू चिंचेने घंटा घासत होती आणि सुनेला नवऱ्याला कसे जेवू घालावे ते शिकवत होती. सोमिला लगबगीने पुढे आली आणि तिने मान खाली घातली.

"काका, राजवाड्याचं काम मी मागायला गेले नव्हते."

"घंटा दाखव," वेणुदत्त म्हणाले.

त्यांनी ती बोटाने वाजवली. नाद संपेपर्यंत हलले नाहीत. मग दुसऱ्यांदा वाजवली. छातीत सहा वर्षे जे टोचत होते ते त्या वेळी निघून गेले, आणि त्यांना मनापासून बरे वाटले.

"पोरी, अशी मला कधी जमली नाही," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दोन्ही भावांना विस्तव दिला आणि कोरंडाला नाही म्हणून सांगितले. पुढच्या हिवाळ्यात त्यांची स्वतःची भट्टी विझली. तेव्हा ते आपली हत्यारे घेऊन सोमिलेकडे साचे करायला जाऊ लागले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

चीवर, म्हणजे भिक्षूंचे वस्त्र, बेतण्यात निष्णात असलेला भिक्षू कालकेतू आपली कला कोणाला शिकवीत नसे. त्याच्या निमित्ताने शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात ही पूर्वकथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा कोरंड हा कालकेतू होय. राजा पद्मकेतू म्हणजे उपासक बंधुमान, सोमिला म्हणजे भिक्षुणी चित्रलता, आणि वेणुदत्त ओतारी मी होतो. विस्तव दिला ते दान. ते पुष्कळांना जमते. आपण दिलेल्या विस्तवावर दुसऱ्याचे चांगले चाललेले पाहून सुख वाटणे, ती मुदिता. त्या जन्मी ती मला सहा वर्षे उशिरा आली, आणि तोवर दोन माणसांना मी अर्धा दिवस ओट्यावर बसवून ठेवले होते."